बंगल्याचं प्लंबिंग : ऑनलाईन कॅल्क्युलेटर तीन, उत्तरं तीन. पाईप कुठला घालू?

बांधकामग्रस्त :
नमस्कार मंडळी. कराडजवळ घर बांधतोय, तळमजला अधिक एक. वीटकाम संपत आलंय आणि पुढच्या आठवड्यात प्लंबर झिऱ्या मारायला येणार म्हणतोय, म्हणून आत्ताच काय ते ठरवायचंय. एकदा प्लास्टर आणि टाईल्स झाल्या की भिंत कोण फोडणार.
घरात तीन बाथरूम (खाली एक, वर दोन), तिन्हींत कमोड, बेसिन, शॉवर आणि बादलीचा नळ, डायनिंगला एक जादा बेसिन, किचन सिंक, वॉशिंग मशीन. गच्चीवर हजार लिटरची टाकी, चार फुटी स्टँडवर. मजल्याची उंची साडेदहा फूट. माणसं पाच. लाईटचा भरवसा नाही त्यामुळे शक्यतो पंपाशिवाय, टाकीच्या प्रेशरवरच सगळं चालावं अशी इच्छा. मुलीला मात्र वरच्या बाथरूममध्ये आठ इंची रेन शॉवर पाहिजे.
प्लंबर म्हणतो "सगळीकडे पाऊण इंची टाकू साहेब, आजपर्यंत कुणाची तक्रार नाही". मी पेशाने अकाउंटंट, त्यामुळे आकडा बघितल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणून नेटवर पाईप साईझ काढायचे कॅल्क्युलेटर शोधले. एकाने फिक्स्चर युनिट (प्रत्येक नळाला, कमोडला पाण्याच्या मागणीचा ठरवून दिलेला आकडा) मोजून १४.३ काढले, मग १७ गॅलन पर मिनिट, आणि शेवटी एक इंची पाईप. दुसऱ्याने याच घराचे २३ युनिट काढले आणि सव्वा इंची सांगितला. दोन्हींत प्रेशरचा रकाना आहे, तिथे मी आपलं टाकीच्या उंचीवरून आलेलं ३ पीएसआय टाकलं की रकाना लाल होतो, कमीत कमी ३० टाका म्हणतो. मग नाईलाजाने ३० टाकलं तेव्हा कुठे उत्तर मिळालं. तिसरा कॅल्क्युलेटर वेगळाच, तो युनिट बिनिट काही विचारत नाही, पाईपची लांबी, आतला व्यास, फ्लो आणि सी फॅक्टर (पाईप आतून किती गुळगुळीत त्याचा आकडा) मागतो आणि हेड लॉस, म्हणजे पाईपात घासून पाण्याची किती उंची वाया जाते ते सांगतो. त्याच्यात तेच १७ गॅलन टाकले तर दीड इंचीच्या खाली जाऊच नका असं दिसतंय.
आता यात खरं कोण? की तिघंही सोडून प्लंबरचं ऐकू? सोलर पण बसवायचाय, त्याचं काही वेगळं असतं का तेही सांगा.

खारीबिस्कीट :
पाच माणसांत तीन बाथरूम म्हणजे सकाळी नंबर लावायचा प्रश्नच मिटला की हो, पाणी बारीक आलं तर आलं, निवांत अंघोळ करा. बाकी चालू द्या, मला पण पुढच्या वर्षी घर बांधायचंय म्हणून धागा पकडून ठेवतोय.

पाईपवाले_आप्पा :
भाऊ, मी सांगली-मिरज भागात प्लंबिंगचीच कामं घेतो त्यामुळे थोडं बोलतो. तुमच्या प्लंबरची तक्रार कुणी केली नाही याचं कारण लोक तक्रार करायला परत त्याला शोधत नाहीत, थेट प्रेशर पंप विकत आणतात. पाऊण इंची सगळीकडे हा प्रकार आम्ही रोज बघतो. एकटा माणूस वापरतोय तोवर झकास चालतं. खाली कुणीतरी बादली लावली की वर शॉवरखालचा माणूस साबण लावून उभा राहतो.
आमची साधी पद्धत सांगतो, याला कॅल्क्युलेटर लागत नाही. टाकीला एकच भोक पाडून त्यातून सगळं घर चालवायचं नाही. टाकीखाली दोन इंचाचा हेडर, म्हणजे आडवा जाड पाईप, करायचा आणि त्यातून वेगवेगळे डाऊनटेक, म्हणजे खाली उतरणाऱ्या लाईन, सोडायचे. वरच्या दोन बाथरूमला एक स्वतंत्र, तळमजल्याला एक, सोलरला एक. प्रत्येकाला गच्चीवर आपापला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे उद्या एका बाथरूममध्ये काम निघालं तर सगळ्या घराचं पाणी बंद करायला नको. वरच्या मजल्याचा डाऊनटेक सव्वा इंची, कारण तिथेच उंची कमी मिळते. खालचा एक इंची पुरे, त्याला एक अख्खा मजला जादा उंची आहे. बाथरूममध्ये शिरल्यावर पाऊण इंची आणि फक्त शेवटच्या पॉइंटला अर्धा.
अजून एक. डाऊनटेकच्या तोंडाशी, बॉल व्हॉल्व्हच्या पुढे, टी टाकून एअरचा पाईप टाकीच्या वरपर्यंत उघडा सोडायचा. हा पाईप नसेल तर टाकी रिकामी होऊन परत भरली की लाईनमध्ये हवा अडकते आणि मग नळ नुसता फुसफुस करतो. शंभर-दीडशे रुपयाचा पाईप असतो पण नव्वद टक्के घरांत विसरतात.
आणि झिऱ्या मारायला येईल तेव्हा स्वतः तिथे थांबा. मिस्त्री लोक बीम आडवा आला की दोन एल्बो टाकून वळसा घालतात, ते प्लास्टरखाली जातं आणि नंतर कुणालाच कळत नाही पाणी कुठे अडतंय.

एमईपी_मंजू :
आप्पांशी बहुतेक सहमत आहे. पण बांधकामग्रस्त यांनी विचारलंय की आकडे असे का आले, तर ते जरा उलगडून सांगते, ऑफिसात हेच करते दिवसभर.
तुमचे पहिले दोन कॅल्क्युलेटर अमेरिकन आहेत, एक आयपीसी आणि दुसरा यूपीसी या तिकडच्या प्लंबिंगच्या नियमावलीवर (कोडवर) चालणारा. गणित दोघांचंही बरोबर असतं, त्यांनी जे घर डोळ्यासमोर धरलंय ते तुमचं नाही. तिथे रस्त्यावरच्या मेनमधून चोवीस तास प्रेशरने पाणी घरात येतं, त्यामुळे त्यांचे साईझचे तक्तेच ३० पीएसआयपासून सुरू होतात. ३० पीएसआय म्हणजे २१ मीटर उंचीचं पाणी, आपल्याकडे सहा-सात मजले वर टाकी असल्यासारखं. तुमच्या वरच्या शॉवरचं बघा. मजला साडेदहा फूट, शॉवर सात फुटावर, स्टँड चार फूट. साडेदहा वजा सात अधिक चार, म्हणजे साडेसात फूट. मीटरमध्ये २.३. टाकी भरलेली असेल तर मीटरभर जादा, पण हिशोब नेहमी टाकी तळाला गेली असं धरूनच करायचा. म्हणजे तुमच्या हातात आहे ३.२५ पीएसआय, आणि तुम्ही लाल रकाना गप्प करायला ३० टाकलंत, तेव्हा त्या उत्तराला काही अर्थ उरला नाही.
दोन कॅल्क्युलेटरचे युनिट वेगळे का, तर दोन्ही कोडनी आपापले भार ठरवलेत. आयपीसीमध्ये फ्लश टँकवालं आख्खं बाथरूम मिळून ३.६ धरतात, यूपीसीमध्ये कमोडला अडीच, शॉवरला दोन, बेसिनला एक असं सुटं मोजतात आणि वॉशिंग मशीनला चार. युनिटवरून फ्लो काढायचा तक्ताही दोघांचा वेगळा. म्हणून एकाचे युनिट दुसऱ्याच्या तक्त्यात कधी घालायचे नाहीत, नेटवर असे खिचडी झालेले कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, कुठल्या कोडवर आधारित आहे ते लिहिलं नसेल तर सरळ पुढे जा.
मुळात हे फिक्स्चर युनिट प्रकरण १९४० सालचं. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रॉय हंटर होते, त्यांनी संभाव्यतेच्या गणिताने मांडलं की इमारतीत इतके नळ असतील तर एकाच वेळी किती उघडे असतील, आणि ठरवलेला फ्लो शंभरातल्या एकाच वेळी अपुरा पडावा. त्यात फ्लश टँक दर पाच मिनिटांनी वापरला जातोय आणि मिनिटभर ४ गॅलनने भरतोय असं धरलंय, म्हणजे एका फ्लशला १५ लिटर. आज तुमच्याकडे ड्युअल फ्लश बसेल ३ आणि ६ लिटरचा, आणि पाच माणसांच्या घरात दर पाच मिनिटांनी कुणी संडासला जात नाही. मोठ्या इमारतीला ही पद्धत अजून वापरतात, पण छोट्या घराला ती फ्लो फुगवून सांगते. म्हणूनच तिकडे आयएपीएमओ या संस्थेने फक्त घरांसाठी वॉटर डिमांड कॅल्क्युलेटर नावाची एक्सेल शीट काढली, फुकट आहे, त्यात हल्लीच्या कमी पाण्याच्या नळांचे आकडे आहेत. तिच्यातसुद्धा बादलीचा नळ सापडणार नाही, आणि आपल्याकडे सकाळी सगळ्यात जास्त पाणी तोच ओढतो.
म्हणून तुमच्यासाठी तिसराच कॅल्क्युलेटर कामाचा, हेझन-विल्यम्स या हेड लॉसच्या सूत्रावर चालणारा. फक्त त्याला फ्लो आपला द्यायचा. तुमच्या घरी सकाळी सातची वेळ डोळ्यासमोर आणा. एक शॉवर ९ लिटर पर मिनिट, एक बादली १२, एक फ्लश टँक भरतोय ६, किचनमध्ये ६. झाले ३३, म्हणजे ०.५५ लिटर पर सेकंद. ते १७ गॅलन म्हणजे ६४ लिटर होतात, जवळपास दुप्पट.
आता दुसरी गोष्ट आतल्या व्यासाची, इथे सगळे फसतात. ड्रॉपडाऊनमध्ये अर्धा इंच निवडला की कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा शेड्यूल ४० (पाईपच्या जाडीचा एक प्रकार) धरतो, आतला व्यास १५.८ मिमी. आपण घालतो सीपीव्हीसी प्लास्टिकचा एसडीआर ११ जाडीचा पाईप, त्याचा अर्ध्या इंचीचा आतला व्यास १२.४. तीन-साडेतीन मिमीचाच फरक दिसतो पण लॉस व्यासाच्या ४.८७ घाताने बदलतो, त्यामुळे सव्वातीन पट लॉस जास्त. पाऊण इंचीचा आतला व्यास १८.२ धरा, एक इंचीचा २३.४, सव्वाचा २८.५, दीडचा ३३.७. सी फॅक्टर प्लास्टिकला १५०.
समजा टाकीपासून वरच्या बाथरूमपर्यंत १० मीटर लाईन आहे आणि सगळं घर त्याच एका लाईनवर आहे. ०.५५ लिटरला पाऊण इंचीत १० मीटरला २.७ मीटर लॉस येतो. तुमच्याकडे आहेच २.३. म्हणजे तेवढं पाणी त्या पाईपातून जाणारच नाही, सगळ्यांना थोडं थोडं कमी येणार आणि सगळ्यात वरचा उपाशी राहणार. आप्पा म्हणाले ते साबणाचं प्रकरण ते हेच. एक इंचीत ०.८ मीटर, सव्वात ०.३१, दीडमध्ये ०.१४. यावर एल्बो, टी, व्हॉल्व्हसाठी निम्मं अजून धरा.
मग बाथरूममधली शेवटची सहा मीटर. शॉवरचे ९ लिटर अर्ध्या इंचीतून नेले तर ०.९५ मीटर जातात, फिटिंग धरून १.४. पाऊण इंचीतून नेले तर ०.१५, फिटिंग धरून पाव मीटरच्या आत. म्हणजे मेन दीड इंची टाकून ०.२ चा लॉस ठेवलात आणि बाथरूममध्ये अर्धा इंची फिरवलात तर शॉवरच्या मिक्सरपाशी (थंड-गरम मिसळणाऱ्या नळापाशी) ०.७ मीटर उरतं, पाऊण फिरवलात तर १.८५. मेन लाईनवर लोक वाद घालतात आणि खरं नुकसान बाथरूमच्या भिंतीत होतं.

बांधकामग्रस्त :
मंजूताई, काय सांगू, हे असं कुणीतरी उलगडून सांगायला पाहिजे होतं. एक्सेलमध्ये सूत्र टाकलं, तुमचे आकडे तंतोतंत जुळले. पण मग माझा गोंधळ असा की आप्पा वरच्या मजल्याला सव्वा इंची म्हणतायत आणि तुमच्या हिशोबात दीड बरा दिसतोय. आणि रेन शॉवरचं काय? १.८५ मीटर पुरेल का?
कुणाला सूत्र हवं असेल तर, लॉस (मीटर) = १०.६७ × लांबी × फ्लोचा १.८५२ घात, भागिले (सी चा १.८५२ घात × व्यासाचा ४.८७ घात). फ्लो घनमीटर पर सेकंदमध्ये आणि व्यास मीटरमध्ये टाकायचा, लिटर आणि मिमी टाकलं की काहीच्या काही येतं.

एमईपी_मंजू :
आप्पा आणि मी एकच सांगतोय. माझा आकडा सगळं घर एका लाईनवर धरून होता. आप्पांनी वरच्या मजल्याला स्वतंत्र डाऊनटेक दिलाय, त्यात खालची बादली, किचन, मशीन काहीच नाही. वर एक शॉवर आणि एक बादली, २१ लिटर पर मिनिट. सूत्रात टाकून बघा, सव्वा इंचीत १० मीटरला फिटिंग धरून ०.२ मीटर येईल. सामाईक दीड इंचीत येतो तोच लॉस. तेव्हा आप्पांचा मार्ग घ्या, त्यात वर-खालची भांडणं पण मिटतात.
रेन शॉवरला १.८५ मीटर म्हणजे ०.१८ बार. शॉवर घेताना खोक्यावर किंवा कंपनीच्या कागदावर किमान प्रेशर लिहिलेलं बघा, बऱ्याच रेन शॉवरना अर्धा ते एक बार लागतो. अर्धा बार म्हणजे ५ मीटर, तुमच्या वरच्या मजल्यावर टाकीच्या जोरावर ते शक्य नाही, पाईप कितीही मोठा घातला तरी. पाईप मोठा केल्याने फक्त लॉस कमी होतो, उंची वाढत नाही हे लक्षात घ्या. त्यात कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी शॉवर की नळ असं वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) घेतलात तर तोही आपला वाटा खातो.

टेम्सकाठचा :
मी इंग्लंडात असतो, बिल्डिंग सर्व्हिसेसमध्येच आहे. तुमचा प्रश्न वाचून मजा वाटली कारण इथल्या जुन्या घरांत अगदी हाच प्रकार असतो, माळ्यावर थंड पाण्याची टाकी आणि खाली मीटर-दोन मीटरवर शॉवर. त्यामुळे इथले नळ आणि शॉवर विकतानाच किमान ०.१ बार, ०.२ बार, १ बार असं लिहिलेलं असतं आणि कमी प्रेशरवर चालणारे मॉडेल वेगळे मिळतात. भारतात विकणाऱ्या मोठ्या ब्रँडच्या कॅटलॉगमध्येही हा आकडा असतो, दुकानदाराला विचारलं तर तो "चांगलं चालतं" एवढंच सांगेल, कॅटलॉगच मागा.
कॅल्क्युलेटर वापरायचाच असेल तर ब्रिटिश किंवा युरोपियन शोधा. युरोपियन मानक ईएन ८०६ मध्ये लोडिंग युनिट असतात आणि एक युनिट म्हणजे ०.१ लिटर पर सेकंद, म्हणजे युनिट बघितल्या बघितल्या फ्लोचा अंदाज येतो. हे कॅल्क्युलेटर हेड मीटरमध्ये घेतात आणि कमी हेडला नाक मुरडत नाहीत. पण एकाच वेळी किती नळ चालू याचा त्यांचा अंदाज इथल्या घरांचा, तो तुमचा तुम्ही मंजू यांनी सांगितला तसाच धरा.
आणि गॅलनपासून सांभाळा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५४६ चा. जुन्या ब्रिटिश तक्त्यातून काही उचललं आणि अमेरिकन समजून रूपांतर केलं तर वीस टक्के इकडचे तिकडे. तुमचे १७ गॅलन अमेरिकन ६४ लिटर होतात, ब्रिटिश धरले तर ७७.

गच्चीवरची_टाकी :
मंजूताई, मला एक शंका. आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, जुन्या घरात जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप होते ते काढले तेव्हा अर्ध्या इंचीत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. सीपीव्हीसीत पण असं होतं का? मग सी १५० कसा धरायचा?

एमईपी_मंजू :
जीआय गंजतो आणि गंजावर क्षार धरतात, म्हणून नव्या जीआयला सी १२० धरतात आणि जुन्याला १०० किंवा त्याहूनही कमी. प्लास्टिकची आतली बाजू गुळगुळीत राहते, गंज नाही, त्यामुळे थंड पाण्याच्या लाईनला १५० ठीक आहे. क्षार धरतात ते गरम पाण्याच्या बाजूला, गीझरच्या कॉइलवर, सोलरच्या नळ्यांत, आणि शॉवरच्या बारीक भोकांत. तेव्हा जड पाणी असेल तर लाईनचा सी १४० धरून एकदा आकडे बघा, मनाचं समाधान होईल, फरक १४ टक्क्यांच्या आसपास पडतो. शॉवर मात्र रबरी दाण्यांचा घ्या, बोट फिरवलं की क्षार निघतो.

बांधकामग्रस्त :
रेन शॉवरवरून घरात चर्चा झाली, मुलगी ऐकत नाहीये. म्हणजे पंप लावावाच लागणार. तर पंप किती एचपीचा, आणि लाईट गेली की काय?
आणि ड्रेनेजच्या स्लोपसाठी पण एक कॅल्क्युलेटर सापडला, तो फुटाला पाव इंच म्हणतो. प्लंबर म्हणतो "पाणी आपोआप जातंय".

एमईपी_मंजू :
पंपाचं आधी. फक्त वरच्या मजल्याच्या डाऊनटेकवर लावा, सगळ्या घराला नको. ३० लिटर पर मिनिट आणि १० मीटर म्हणजे एक बार जादा प्रेशर, एवढं पुरेल. पाण्याला लागणारी ताकद निघते जेमतेम ५० वॅट, छोट्या पंपाची कार्यक्षमता तीस टक्के धरली तरी १६५ वॅट. अर्धा एचपी म्हणजे ३७० वॅट, म्हणजे अर्धा एचपी भरपूर झाला. दुकानदार एक एचपीचा गळ्यात मारतील, घेऊ नका, छोट्या लाईनवर मोठा पंप सारखा चालू-बंद होतो आणि आवाज करतो.
लाईट गेल्यावरची सोय : पंपाला समांतर बायपास लाईन टाका आणि त्या बायपासवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) बसवा. पंप चालू असताना एनआरव्ही बंद राहतो, लाईट गेली की पाणी आपोआप बायपासमधून टाकीच्या जोराने खाली येतं. शॉवरला तेवढा जोर नसेल पण बादली भरेल. बायपास पण सव्वा इंचीच ठेवा, तिथे काटकसर करून अर्धा इंची टाकलेला बघितलाय मी.
खालून वर पाणी चढवायच्या मोटरचा हिशोब वेगळा, संपच्या (जमिनीखालच्या टाकीच्या) तळापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत तुमच्याकडे ११ मीटरच्या आसपास आणि घर्षणाचे दोन-तीन, त्यालाही अर्धा एचपी पुरतो. फक्त ही मोटर संपमधूनच ओढणारी असू दे, नगरपालिकेच्या लाईनला थेट मोटर जोडणं नियमात बसत नाही.
टाकीच्या आकाराला कॅल्क्युलेटर उघडूच नका. माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडे रूढ आकडा आहे, पाच माणसांचे ६७५. गच्चीवर हजार लिटर ठीक. संप किती दिवसांचा करायचा ते तुमच्याकडे पाणी किती दिवसांआड येतं त्यावर ठरवा.
ड्रेनेजला फुटाला पाव इंच म्हणजे ४८ ला १. हा अमेरिकन कोडचा छोट्या पाईपांचा नियम आहे, वाईट नाही. आपल्या आयएस १७४२ या भारतीय मानकात १०० मिमी पाईपला ५७ ला १ आणि १५० ला १०० ला १ असं येतं, हेतू असा की पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास राहावा आणि घाण तळाशी बसू नये. मिस्त्रीला गुणोत्तर सांगत बसू नका, मीटरला दोन सेंटिमीटर उतार सांगा. कमोडपासून चेंबरपर्यंत सहा मीटर असतील तर १२ सेंटिमीटर, आणि पातळीच्या नळीने मोजून घ्या. उतार म्हणजे "आपोआप" नाही. बाहेरच्या लाईनला ११० मिमीच्या खाली जाऊ नका आणि चेंबर प्रत्येक वळणावर.

पाईपवाले_आप्पा :
ताईंनी बायपासचं बरोबर सांगितलं. त्यात भर एवढीच की पंपाच्या दोन्ही बाजूला युनियन (खोलता येणारा जोड) टाका, काढायला सोपं पडतं, आणि पंपाच्या आधी एक जाळीचा फिल्टर. गच्चीवरच्या टाकीत गाळ येतोच.
आता सोलरचं राहिलं होतं. तुमच्या भागात सगळे साधे, बिनप्रेशरचे ट्यूबवाले सोलर बसवतात. त्याचा एकच नियम, थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या वर पाहिजे. तुमची टाकी चार फुटी स्टँडवर आहे आणि सोलरची टाकी ट्यूबच्या वर, म्हणजे तीच पाच-साडेपाच फुटावर जाते. थंड पाणी सोलरमध्ये पूर्ण चढणारच नाही, निम्मी टाकी रिकामी. तेव्हा स्टँड सात-आठ फुटी करा, तिथे आरसीसीचे चार खांब ओढून वर स्लॅब टाकलात तर एकदाच काम. आत्ता स्लॅबवर मिस्त्री आहेत तोवर होऊन जाईल.
यात तुमचा अजून एक फायदा आहे. स्टँड चारचा आठ फूट झाला की शॉवरला चार फूट उंची जादा मिळाली, म्हणजे मंजूताईंच्या हिशोबात सव्वा मीटर. फुकटात.
सोलरच्या थंड पाण्याच्या लाईनला मध्ये कुठलाही नळ काढू नका, टाकी ते सोलर थेट. सोलरच्या टाकीला वरती एअर व्हेंट उघडा आणि तो थंड पाण्याच्या टाकीच्या तोंडापेक्षा उंच, नाहीतर तिथून पाणी वाहत राहील. आणि पंप लावणार म्हणताय तर हे नीट ऐका, बिनप्रेशरच्या सोलरला पंपाचं प्रेशर अजिबात द्यायचं नाही, टाकी फुगते. म्हणजे तुमच्या वरच्या बाथरूममध्ये थंड पाणी पंपाचं आणि गरम पाणी नुसत्या उंचीचं अशी गत होईल, मिक्सरमध्ये थंड पाणी गरमला मागे ढकलतं आणि अंघोळीला नुसतं गार येतं. एक तर सोलरमधून निघणाऱ्या गरम लाईनवर पण तसाच छोटा पंप टाका, गरम पाण्याला चालणारा, किंवा रेन शॉवर एकटाच थंड-गरम मिक्सरपासून वेगळा काढा.

बांधकामग्रस्त :
आप्पा, ही टाकी-सोलरची उंची आर्किटेक्टनेसुद्धा सांगितली नव्हती. आत्ताच साईटवर फोन केला, खांब आठ फुटी घेतोय. एक्सेलमध्ये नवीन उंची टाकली, वरच्या शॉवरपाशी पाईपचा लॉस जाऊन ३.०५ मीटर दिसतंय, सव्वा इंची डाऊनटेक आणि आत पाऊण धरून. म्हणजे ०.३ बार. मुलीला कॅटलॉग दाखवून ०.३ बारच्या आत चालणारा शॉवर शोधायला बसवलंय, मिळाला तर दोन्ही पंप वाचतील.

टेम्सकाठचा :
मिळेल. आठऐवजी सहा इंची बघा, आणि लिटर पर मिनिट ९ च्या खाली असलेला. फ्लो कमी मागणारा शॉवर कमी प्रेशरवर भरून वाहतो.

पाईपवाले_आप्पा :
आणि पंपाची जागा आणि लाईटचा पॉइंट गच्चीवर काढून ठेवा, टी टाकून डमी बंद करून. उद्या लागलाच पंप तर भिंत फोडायला नको.

खारीबिस्कीट :
आप्पा, मिरजेच्या बाहेर कामं घेता का?

पाईपवाले_आप्पा :
दिवाळीनंतर बोला. तोवर टाकीचे खांब आठ फुटी घ्या एवढं आर्किटेक्टला सांगून ठेवा.